हाताच्या मुंग्या आणि चार वेशी

मुंग्या येणे ही काही मोठ्या नवलाची गोष्ट नव्हे. कीर्तनात तासभर मांडी घालून बसले की पाय बधिर होतो. हात उशाला घेऊन झोपले की पहाटे तो हात आपला वाटत नाही. दोनदा झटकला, चोळला, की मुंग्या निघून जातात आणि आपणही ती गोष्ट विसरून जातो. परंतु तोच हात रोज सुन्न पडू लागला, हातातले भांडे नकळत सुटू लागले, तर मात्र माणूस दचकतो. आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचा माणूस जरा जास्तच दचकतो. तो का दचकतो, आणि दचकल्यावर त्याने काय करावे, एवढ्या दोनच गोष्टी आज मला तुमच्यापुढे मांडायच्या आहेत.

मी वैद्य नाही, इतिहासाचा अध्यापक आहे. पण काही वर्षांपूर्वी माझ्याच उजव्या हाताने मला हा विषय शिकायला लावला. फळ्याच्या अगदी वरच्या भागात सनावळी लिहून ठेवायची, ही माझी जुनी सवय. लिहिता लिहिता करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट सुन्न पडू लागे, कोपरापर्यंत हाताची आतली बाजू झिणझिणे, आणि खडू खाली पडे. हात खाली सोडला की पाच मिनिटांत सारे ठीक. मुले हसत, मीही हसे. पण घरी मात्र मी ही गोष्ट कोणालाच सांगितली नाही. कारण मी वरोऱ्याच्या बाजूचा. सुन्न करंगळी म्हणजे काय, हे आमच्याकडे लहान मुलालाही सांगावे लागत नाही. सहा महिने मी तो हात खिशात लपवून हिंडलो. शिकलेल्या माणसाची ही कथा, मग इतरांचे काय सांगावे?

या भीतीला मोठा इतिहास आहे. कुष्ठरोग हा पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, अशी समजूत शतकानुशतके चालत आली. १८७३ साली नॉर्वे देशात हॅन्सन या डॉक्टरने या रोगाचा जंतू शोधून काढला, आणि पापाची गोष्ट खरे म्हणजे त्याच दिवशी संपायला हवी होती. पण ती संपली नाही. पुढे पंचवीस वर्षांनी, १८९८ साली, इंग्रज सरकारने कायदा केला तो भिकारी कुष्ठरोग्यांना पकडून वेगळे ठेवण्याचा. तो कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडावे लागले. नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग आहे, एवढ्या कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूद तर २०१९ सालापर्यंत आपल्या कायद्यात होती. जंतू सापडल्यावरही कागदावरची भीती पुसायला सुमारे दीडशे वर्षे लागली. मनातली भीती पुसायला किती लागतील, याचा हिशेब तुम्हीच करा.

आपल्या भागाने मात्र या भीतीशी झुंजही मोठी दिली आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठसेवेचे काम उभे केले. वरोऱ्याला वकिली करणारे बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत जाऊन ते या रोगाचे शिक्षण घेऊन आले, आणि १९५१ साली विनोबांच्या हस्ते आनंदवनाचे काम सुरू झाले. ज्यांची बोटे झडली होती, वाकली होती, त्यांनी तिथे विहिरी खणल्या, शेती केली, घरे बांधली. लोक ज्या हातांना भीत होते, ते हात कामाचे आहेत, हे आनंदवनाने जगाला दाखवून दिले.

आता ध्यानात घ्या, त्याच सुमारास दूर दक्षिणेत, तमिळ मुलखातल्या वेल्लोर येथे, एक इंग्रज शल्यविशारद याच हातांकडे वेगळ्या प्रश्नाने पाहत होता. त्याचे नाव पॉल ब्रँड. बाबा आमटे जन्मले त्याच १९१४ साली, आपल्याच देशात कोल्ली डोंगरात, त्याचा जन्म झाला होता. १९४६ साली तो वेल्लोरला आला. कुष्ठरोग्यांची बोटे वाकडी का होतात? सारे म्हणत, मांस सडते म्हणून. ब्रँडने हात तपासले, शस्त्रक्रिया केल्या, मृत रुग्णांच्या हातातले मज्जातंतू उघडून पाहिले. त्याला दिसले ते असे: बोटातले मांस चांगले होते, हाडे आणि शिरा शाबूत होत्या. बिघाड होता वरती, मज्जातंतूत. करंगळीकडे जाणारा मज्जातंतू कोपराजवळ, कातडीच्या अगदी खाली येतो, तिथे तो सुजून जाड झालेला असे. कोपराजवळ तार खराब झाली आणि दिवा विझला बोटाचा! बोटाला चटका कळेना, म्हणून जखम, जखमेकडे लक्ष नाही, म्हणून बोटाची झीज. रोग बोट खात नव्हता, बधिरपणा बोट खात होता.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी आपल्याकडे म्हण आहे. रेडा आजारी, पण औषधाचा लेप त्याच्या पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीला. बधिर हाताच्या बाबतीत माणसाने हजारो वर्षे हेच केले. हात सुन्न, म्हणून हाताला तेल, हाताला शेक, हाताला ताईत. वस्तुतः हात ही तक्रार सांगण्याची जागा आहे, दोषाची जागा बहुधा वर असते. ती कुठे कुठे असते, हे कळण्यासाठी आपण मज्जातंतूची वाट एकदा चालून पाहू.

चंद्रपूर शहर तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. गोंड राजांनी बांधलेला परकोट आजही शहराभोवती उभा आहे. त्याला चार मोठ्या वेशी आहेत: जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर. बाजाराच्या दिवशी जटपुरा वेशीत गर्दी झाली की मागची सगळी वाट तुंबते. कोणी बैलगाडी आडवी घातली, कोणी ट्रक उभा केला, की पुढच्या माणसाला कळतही नाही की आपण का थांबलो. हाताच्या मज्जातंतूंनाही बोटापर्यंत पोचताना अशाच चार वेशी ओलांडाव्या लागतात. पहिली वेस मानेच्या मणक्यांची. दुसरी गळ्याच्या मुळाशी, खांद्याच्या आतल्या बाजूला. तिसरी कोपराची. चौथी मनगटाची. यांपैकी कोणत्याही वेशीत कोंडी झाली तरी आरडाओरडा होतो तो बोटातच.

यातली दुसरी वेस सगळ्यांत अवघड, आणि माझ्या हाताची कोंडी तिथेच होती. तिची रचना नीट समजून घ्या. छातीच्या पिंजऱ्यात आपल्याला बारा बारा बरगड्या असतात. सगळ्यांत वरची पहिली बरगडी लहान, चपटी आणि वाकडी असते. तिच्यावर समोरून आडवे येते ते गळ्याखालचे हाड, ज्याला आपण हासळीचे हाड म्हणतो. मानेतून दोन स्नायू खाली येऊन या पहिल्या बरगडीला धरून असतात. त्या दोन स्नायूंमधल्या फटीतून हाताचे सारे मज्जातंतू आणि हाताला रक्त नेणारी धमनी बाहेर पडते. रक्त परत आणणारी नीला त्यांच्या थोडी पुढून जाते. मग हे सारे हासळी आणि बरगडी यांमधल्या खिंडीतून काखेत उतरते. खिंड अरुंद, माल जास्त. या जागी दाब आला की जे दुखणे होते त्याला डॉक्टर लोक थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम म्हणतात. नाव लांबलचक आहे. आपण त्याला खिंडीतली कोंडी म्हणू.

ही कोंडी माणसाच्या ध्यानात कशी आली, हा इतिहासाचा एक मोठा बोधप्रद भाग आहे. काही लोकांच्या मानेत एक जादा बरगडी असते, ही गोष्ट फार जुन्या काळापासून माहीत होती. दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या ग्रीक वैद्याला आणि सोळाव्या शतकातल्या व्हेसॅलियसला ती ठाऊक होती. पण ती एक चमत्कारिक गोष्ट एवढीच नोंद. तिचा हाताच्या दुखण्याशी संबंध १८२१ च्या सुमारास लंडनच्या ॲस्टली कूपर या शल्यविशारदाने जोडला. हात थंड पडतो, नाडी लागत नाही, त्याचे कारण मानेतल्या या हाडात आहे, असे त्याने म्हटले. पुढे १८६१ साली लंडनच्याच सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात कूट नावाच्या डॉक्टरने एका तरुणीच्या मानेतून असे हाड कापून काढले. जंतुनाशकांची पद्धत तेव्हा अजून आली नव्हती, आणि क्ष-किरणांचा शोध लागायला चौतीस वर्षे अवकाश होता. केवळ बोटांनी चाचपून त्याने ते हाड ओळखले होते.

१८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले आणि मानेतली जादा बरगडी कागदावर दिसू लागली. झाले! ज्याचा हात दुखेल त्याच्या मानेचा फोटो, आणि फोटोत बरगडी दिसली की दोषी सापडला. पण लवकरच दोन अडचणी निघाल्या. जादा बरगडी असलेल्या बहुतेक लोकांना जन्मभर काहीच त्रास होत नाही. शंभरात जेमतेम एखाद्याला अशी बरगडी असते, आणि त्यांतले बहुतेक लोक खुशाल नांगर धरतात, धान रोवतात. उलट, ज्यांना सगळी लक्षणे होती अशा कित्येकांच्या फोटोत ती बरगडीच नव्हती. १९१० साली मेलबर्नच्या मर्फी नावाच्या डॉक्टरने दाखवले की, साधी, सर्वांना असते तीच पहिली बरगडीसुद्धा मज्जातंतूला दाबू शकते. १९२७ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या ॲडसन आणि कॉफी या जोडीने सांगितले की, हाड राहू द्या, पुढचा स्नायू कापला तरी वाट मोकळी होते. ॲडसनने एक परीक्षाही सांगितली: रुग्णाने दीर्घ श्वास घ्यावा, मान वर करून बाजूला वळवावी, आणि त्या वेळी मनगटाची नाडी लुप्त होते का ते पाहावे.

इथे इतिहासाने एक चूक केली, आणि ती चूक आपल्या कामाची आहे. उपाय हाती आला म्हणताच तो जिकडेतिकडे वापरला जाऊ लागला. पुढची वीस वर्षे, हात बधिर दिसला की मानेचा स्नायू काप, असा प्रकार झाला. कोणाला गुण आला, कित्येकांना आला नाही. कारण बाकीच्या वेशींकडे कोणाचे नीट लक्षच नव्हते. मानेच्या मणक्यांमधली चकती सरकून मज्जातंतूचे मूळ दाबते, ही गोष्ट १९४० नंतरच्या वर्षांत स्पष्ट झाली. १९४७ साली रसेल ब्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनगटाच्या वेशीत मज्जातंतू दाबला गेलेले सहा रुग्ण लंडनहून प्रसिद्ध केले, आणि लोकांचे डोळे उघडले. ज्यांच्या गळ्यावर शस्त्र चालले होते, त्यांच्यापैकी अनेकांचे दुखणे खाली मनगटात होते! पुढे असेही दिसले की ॲडसनची परीक्षा केली तर पुष्कळ निरोगी माणसांचीही नाडी लुप्त होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तो प्रकार घडला होता. आपल्याकडच्या अडाणी वैद्यांनाच अशी चूक होते असे नाही. मोठमोठ्या रुग्णालयांतल्या विद्वानांनाही ती झाली.

दरम्यान महायुद्ध चालू होते. १९४३ साली फाल्कनर आणि वेडेल या दोन डॉक्टरांनी दाखवले की खांदे मागे आणि खाली ओढले गेले म्हणजे हासळी आणि पहिली बरगडी यांमधली फट बुजते. पाठीवर जड ओझे घेऊन छाती काढून चालणाऱ्या सैनिकाचे नेमके हेच होते. १९४५ साली राइट नावाच्या अमेरिकन डॉक्टरने हात डोक्यावर घेऊन झोपणाऱ्यांच्या आणि हात वर करून काम करणाऱ्यांच्या मुंग्यांचे वर्णन केले. शेवटी १९५६ साली मेयो क्लिनिकमधल्या पीट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्या प्रकारांना मिळून आजचे नाव दिले. बघा, ज्या निबंधात हे नाव प्रथम आले तो निबंध शस्त्रक्रियेचा नव्हता. तो होता व्यायामाचा! १९६६ साली रूस यांनी काखेतून पहिली बरगडी काढण्याची पद्धत सांगितली, आणि पुन्हा शस्त्राचे दिवस आले. १९७० साली लंडनच्या गिलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खरा, हात वाळवणारा प्रकार कसा असतो हे काटेकोरपणे मांडले: मानेतल्या अर्धवट बरगडीपासून पहिल्या बरगडीपर्यंत एक चिवट दोरी ताणलेली असते, ती फोटोत दिसत नाही, आणि सगळ्यांत खालचे मज्जातंतू तिच्यावर घासले जातात. असा प्रकार विरळा. बाकीच्या प्रकारांबद्दल डॉक्टरांत आजही वाद आहेत.

हा इतिहास मी एवढा विस्ताराने का सांगितला? कारण त्यातून एकच गोष्ट निघते. एका वेशीवर नजर खिळली की उरलेल्या तीन दिसत नाहीत. विलायतेतल्या डॉक्टरांची नजर गळ्यावर खिळली होती. आपल्या भागात आपली नजर कुष्ठरोगावर खिळलेली आहे.

याचे दोन्ही परिणाम मी पाहिले आहेत. मूलच्या आठवडी बाजारात मोहफुले विकणारी एक म्हातारी माझ्या ओळखीची. एकदा म्हणाली, "मास्तर, राती हाताले मुंग्या येते जी. झोपू देत नाही. सुनेनं माही ताटली वेगळी ठेवली." तिचा अंगठा आणि त्याशेजारची दोन बोटे रात्री सुन्न पडत, हात झटकला की बरे वाटे. डॉक्टरांनी पाहिले तेव्हा दोष निघाला मनगटात. कुष्ठरोगाचा मागमूस नव्हता. घरातला वेगळा झालेला ताट मात्र वर्षभर वेगळाच होता. आणि दुसरीकडे एक तरुण पोरगा. "नस दबली" असे मित्रांनी सांगितले, म्हणून वर्षभर तेल चोळत राहिला. दंडावर एक फिकट चट्टा होता, त्याकडे कोणी पाहिलेच नाही. दवाखान्यात पोचला तेव्हा दोन बोटे वाकलेली होती. रोग बरा झाला, बोटे पुरती सरळ झाली नाहीत. पहिल्या चुकीने एका म्हातारीचा मान गेला, दुसरीने एका तरुणाचा हात.

आता आपल्या कामाधामाकडे पाहू. आपले जिल्हे ओझ्याचे जिल्हे आहेत. चैत्रात मोहफुलांच्या टोपल्या, मे महिन्यात तेंदूपानांचे गठ्ठे, पावसाळ्यापूर्वी सरपणाच्या मोळ्या, बांबूचे भारे, आणि खांद्यावर कावड. डोक्यावरचे ओझे मानेच्या मणक्यांवर, म्हणजे पहिल्या वेशीवर बसते. कावडीचा दांडा किंवा पिशवीचा पट्टा खांदा खाली दाबतो आणि दुसरी वेस अरुंद करतो. फळ्यावर लिहिणारा मास्तर, भिंत पोतणारा मजूर, झाडाच्या फांद्या ओढणारा गडी, यांचे हात वर असतात. तेव्हाही ताण दुसऱ्या वेशीवरच. सायकलच्या दांडीवर तासन् तास भार दिला तर मनगटापाशी करंगळीची बाजू दबते. ओझे वाहणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होतो असे मात्र मुळीच नाही. ज्याची खिंड जन्मतःच अरुंद, किंवा ज्याच्या हासळीचे हाड मोडून वेडेवाकडे सांधले आहे, त्याला ओझे भारी पडते.

मग ओळखायचे कसे? निदान करणे डॉक्टरांचे काम. पण डॉक्टरांना काय सांगावे, हे आपल्या हातात आहे. चार प्रश्न स्वतःला विचारा.

पहिला प्रश्न, कोणती बोटे? अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री सुन्न पडत असेल तर बहुधा मनगट. करंगळी आणि तिचे शेजारचे बोट असेल तर कोपर, खिंड किंवा कुष्ठरोग, तिन्ही शक्य. आता इथे एक बारकी खूण आहे. कोपराजवळ दाबलेल्या मज्जातंतूची बधिरता साधारणपणे मनगटापाशी थांबते. खिंडीतली कोंडी असेल तर ती मनगट ओलांडून कोपरापर्यंत आतल्या बाजूने वर चढते. माझ्या हातात तसेच होते.

दुसरा प्रश्न, केव्हा? हात वर केला, ओझे उचलले की वाढते आणि हात खाली आणला की जाते, असे असेल तर खिंडीचा संशय घ्यावा. मान वळवली की कळ हातात उतरत असेल तर मानेच्या मणक्यांचा. मणक्यांचे दुखणे किती छळू शकते ते बाबा आमट्यांनीच सोसले. मणक्यांच्या विकाराने त्यांना बसणे अशक्य झाले होते. ते उभे तरी असत किंवा आडवे तरी.

तिसरा प्रश्न, अंगावर चट्टा आहे का? फिकट किंवा लालसर चट्टा, ज्यावर स्पर्श कळत नाही. कोपरामागे दोरीसारखी जाड आणि दुखरी लागणारी नस. चटका बसूनही न कळणे. ही कुष्ठरोगाची लक्षणे आहेत. कुष्ठरोगाची बधिरता हात वर-खाली केल्याने येत-जात नाही, ती मुक्कामालाच असते. क्वचित चट्टा नसतानाही नस सुजते, म्हणून डॉक्टरांकडून नसा चाचपून घ्याव्यात.

चौथा प्रश्न, एकच हात की हातपाय चारही? दोन्ही पायांचे तळवे आधी बधिर होऊन मग हात होत असतील तर रक्तातली साखर तपासावी. मधुमेह आता खेड्यातही आला आहे.

दोन प्रसंगी मात्र प्रश्न विचारत बसू नये. एकाएकी अर्धे अंग सुन्न पडले, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर तो अर्धांगाचा झटका आहे. आणि एक हात एकाएकी सुजून निळा पडला, किंवा पांढराफटक आणि थंडगार झाला, तर दुसऱ्या वेशीतली नीला किंवा धमनी गुठळीने बंद झालेली असू शकते. दोन्ही वेळी मिळेल त्या वाहनाने त्याच घटकेला मोठे रुग्णालय गाठावे.

उपचारांबद्दल थोडे सांगतो. कुष्ठरोगावर १९८१ पासून अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत आली. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा बारा महिने गोळ्या, सरकारी दवाखान्यात फुकट. औषध सुरू झाले की रुग्णापासून दुसऱ्याला लागण होण्याची भीती लवकरच उरत नाही, मग ताट वेगळे कशाला? २००५ च्या अखेरीस देशाच्या पातळीवर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण, असे उद्दिष्ट गाठले गेले. पण आपल्या दोन्ही जिल्ह्यांत त्यानंतरही नवे रुग्ण सापडत राहिले आहेत. तेव्हा भीती नको, पण गाफीलपणाही नको. मनगटाची वाट लहानशा शस्त्रक्रियेने मोकळी होते. खिंडीतल्या कोंडीला बहुतेकांच्या बाबतीत काही महिने शिकून केलेला व्यायाम, बसण्या-उठण्याची सुधारलेली ठेवण आणि ओझ्याची वेगळी वाटणी यांनी उतार पडतो. हाताचे स्नायू वाळू लागले किंवा रक्तवाहिनी दबली, तरच शस्त्राची गरज लागते. पीट यांनी १९५६ साली व्यायामापासून सुरुवात केली होती. सत्तर वर्षांचे वाद होऊनही पहिली पायरी अजून तीच आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलाची लेखणी वारंवार गळत असेल, अक्षर एकाएकी बिघडले असेल, तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वी त्याचा हात आपल्या हातात घ्या. अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा खपाटीला गेला आहे का, बोटे जवळ-दूर नीट होतात का, बाहीखाली चट्टा आहे का, एवढे पाहा. मुलांसमोर पाहू नका, एकटे असताना पाहा. आणि काही दिसले तर त्याच्या आईवडिलांना रोगाचे नाव सांगू नका, दवाखान्याची वाट सांगा. गावातल्या आशाताईला सोबत द्या.

माझा हात अखेर पत्नीने पकडला, अक्षरशः. चहाची बशी दुसऱ्यांदा फुटली तेव्हा तिने मला हाताला धरून डॉक्टरांकडे नेले. त्यांनी कपडे काढायला लावून अंगभर चट्टे पाहिले, कोपरामागची नस चाचपली, मान वळवून पाहिली, मनगटावर टिचकी मारली, हात वर धरायला लावले. चारही वेशी तपासल्या आणि मग दुसरीवर बोट ठेवले. पाच महिने व्यायाम केला. आता मी सनावळी फळ्याच्या खालच्या भागात लिहितो. मागच्या बाकावरच्या मुलांना ती नीट दिसत नाही, म्हणून ती पुढे येऊन बसतात, हा त्यातला वरचा लाभ.

ते सहा महिने हात खिशात ठेवण्यात गेले, त्याची मात्र अजून लाज वाटते. ज्या वरोऱ्यात झडलेल्या बोटांच्या माणसांनी आपले हात जगासमोर उघडे धरले, तिथला मी, आणि माझा धडधाकट हात मी लपवला. तुम्ही लपवू नका. हात सुन्न पडला तर तो उघडा करा, दाखवा, आणि चारही वेशी तपासून घ्या.